वही कोणाच्या घरी?
बीड जिल्ह्यातील घरखर्चाच्या हिशेबाचा एक इतिहास

मराठी घरांत पैशाविषयी बोलताना जे शब्द रोज कानांवर पडतात, त्यांतले पुष्कळसे दरबाराच्या वाटेने आपल्याकडे आले. हिशेब, जमा, खर्च, बाकी, वसूल, कर्ज, तारीख हे सारे मूळचे अरबी-फारसी शब्द. राज्यकारभाराने ते गावच्या चावडीवर आणले, चावडीवरून ते सावकाराच्या पेढीवर गेले आणि तेथून कुणब्याच्या ओसरीवर येऊन बसले. शब्दांच्या या प्रवासातच आमच्या आजच्या विषयाचे मर्म दडलेले आहे. हिशेबाची वही आपल्या समाजात वरून खाली आली. ज्याला घ्यायचे होते त्याने ती लिहिली आणि ज्याला द्यायचे होते त्याने ती ऐकली.

घरखर्चाची रोजची नोंद ठेवावी, म्हणजे पैसा हाती टिकतो, हा उपदेश सर्वांनी ऐकलेला आहे. तो खराही आहे. परंतु बीडसारख्या जिल्ह्यात हा उपदेश करण्यापूर्वी मागे वळून एक प्रश्न विचारणे आम्हांला आवश्यक वाटते. या मातीतल्या कष्टकरी कुटुंबाचा हिशेब आजवर कोणी ठेवला? तो ठेवलाच गेला नाही असे मुळीच नाही. पिढ्यान् पिढ्या तो अगदी काटेकोरपणे ठेवला गेला. मात्र वही त्या कुटुंबाच्या घरी नव्हती. प्रस्तुत लेखात त्या वहीचा माग काढण्याचा आमचा प्रयत्न आहे.

देवगिरीची कारकुनी आणि पैठणची पै

आजचा बीड जिल्हा बाराव्या-तेराव्या शतकांत देवगिरीच्या यादवांच्या राज्यात मोडत होता. अंबाजोगाईचे खोलेश्वराचे देऊळ यादवांच्या खोलेश्वर नावाच्या सेनापतीची आठवण आजही सांगते. यादव राजे महादेव आणि रामचंद्र यांच्या पदरी हेमाद्री पंडित, म्हणजे आपला हेमाडपंत, हा ‘श्रीकरणाधिप’ होता. राज्याच्या दफ्तराचा मुख्य अधिकारी, असा त्या पदाचा अर्थ. कारकुनीचे नियम सांगणारी ‘मेस्तके’ परंपरेने त्याच्याच नावावर सांगितली जातात. मोडी लिपीचे श्रेयही लोकांनी त्यालाच दिले, जरी विद्वानांचे त्यावर एकमत नाही. काही असो, हिशेब लिहिण्याची शिस्त या भागात सातशे वर्षांहून जुनी आहे, एवढे निश्चित. त्या शिस्तीने सरकारचा वसूल मोजला आणि गावाचा आकार मोजला. पुढे कुलकर्ण्याच्या दफ्तरात शेतकऱ्याच्या जमिनीचा बिघा न् बिघा नोंदला गेला. त्याच्या घरातील मिठामिरचीचा हिशेब मात्र कोणत्याच दफ्तरात आला नाही, कारण तो कोणालाही वसूल करावयाचा नव्हता.

याच देवगिरीच्या किल्ल्यावरची, सोळाव्या शतकातली एक कथा सर्वांना ठाऊक आहे. पैठणचे एकनाथ गुरू जनार्दनस्वामींकडे हिशेबाचे काम पाहत. एका रात्री एका पैची चूक लागेना. नाथ दिवा लावून रात्रभर बसले आणि पहाटे चूक सापडताच त्यांनी आनंदाने टाळी वाजवली. एका पैसाठी जेवढे चित्त एकाग्र केलेस तेवढे ईश्वराच्या ठायी कर, असा बोध गुरूंनी त्यांना केला, असे कथा सांगते. कीर्तनकार या कथेतून परमार्थ सांगतात, आणि तो योग्यच आहे. आम्हांला मात्र तिच्यातील प्रपंचही तितकाच मोलाचा वाटतो. एका पैचा माग काढण्यासाठी जागणे या भूमीने क्षुद्र मानले नाही. एकाग्रतेची पहिली शाळा म्हणून तिने त्याकडे पाहिले.

नाथांच्या जन्माच्या काही दशके आधी, सन १४९४ मध्ये, दूर व्हेनिस शहरात एका फ्रान्सिस्कन संन्याशाने गणितावरचा एक मोठा ग्रंथ छापला. त्याचे नाव लुका पाचोली. व्यापाऱ्यांची दुहेरी नोंदीची पद्धत त्यात त्याने प्रथमच छापील रूपात सविस्तर समजावून दिली. आज जगभर वापरली जाणारी हिशेबपद्धती तिच्यावरच उभी आहे. त्याने तीन वह्या सांगितल्या आहेत: घडेल तसे टिपून ठेवण्याची कच्ची वही, तिच्यावरून लिहावयाची दैनंदिन वही आणि शेवटी खातेवही. आपल्याकडील टिपण, रोजकीर्द आणि खतावणी यांच्याशी हे किती जुळते! पहिल्या वहीवर पवित्र क्रुसाची खूण करावी असे पाचोली सांगतो, तर आपले व्यापारी वहीच्या माथ्यावर ‘श्री’ लिहितात. आणखी एक गोष्ट आम्हांला विशेष वाटते. कच्ची वही घरातील कोणीही लिहावी, नोकराने लिहावी, लिहिता येत असेल तर घरच्या स्त्रियांनीही लिहावी, असे हा संन्यासी सुचवतो. पाचशे वर्षांपूर्वीची ही सूचना बीडच्या वस्त्यांवर अलीकडे कशी अमलात आली, ते पुढे येईलच.

कणगीचा तळ

जुन्या काळी शेतकरी रोजचा खर्च लिहीत नसे, याचे कारण केवळ निरक्षरता नव्हे. त्याच्या जीवनात रोख पैसाच मुळी थोडा होता. सुगीला ज्वारी-बाजरी घरात येई. त्यातून सुतार, लोहार, चांभार, न्हावी यांचे बलुते खळ्यावरच मोजून दिले जाई. उरलेले धान्य कणगीत किंवा पेवात पडे आणि वर्षभर पुरवावे लागे. घरची बाई रोज सकाळी सुपात किती दाणे घेते, यावर साऱ्या वर्षाचा हिशेब चाले. कणगी अर्ध्यावर आली की तिला न लिहिता कळे की अजून किती महिने काढावयाचे आहेत, आणि त्या दिवसापासून सुपातले दाणे मुठीने कमी होत.

ही सुद्धा खर्चाची नोंदच होती. धान्याचा साठा डोळ्यांना दिसतो. कणगीचा तळ जवळ येताना दिसतो. पैशाचे तसे नाही. कनवटीच्या नोटा मोजल्याशिवाय कळत नाहीत आणि उधारीचा तळ तर मोजूनही कळत नाही. शेतसारा रोखीत भरावा लागू लागला, कापसासारखी विकाऊ पिके आली, कापड, रॉकेल, चहा, साखर रोखीने घ्यावी लागू लागली, तेव्हा कणगीवर चालणारा डोळ्यांचा हिशेब निरुपयोगी ठरला. त्याची जागा घ्यावयास घरात वही मात्र आली नाही. ती सावकाराकडे होती.

त्यातून बीडच्या माणसापुढे आणखी एक अडचण होती. सप्टेंबर १९४८ पर्यंत हा जिल्हा हैदराबादच्या निजामी राज्यात होता. येथे हाली सिक्का चाले, तर सीमेपलीकडे इंग्रजांचा कलदार रुपया. सात हाली म्हणजे सहा कलदार असा सरकारी दर होता. अहमदनगरच्या बाजारात बैल विकून कलदार आणणाऱ्या आष्टीच्या शेतकऱ्याला घरी पोहोचताच त्याचे हाली करावे लागत, आणि त्यातही रुपयाचे सोळा आणे व आण्याच्या बारा पै. हा बदल कोणी करून द्यावयाचा? अर्थात सावकारानेच. कोर्टकचेरीची भाषा उर्दू, सावकाराची वही मोडीत, आणि शेतकऱ्याला बहुधा दोन्ही अपरिचित. हाली सिक्का चलनातून पूर्णपणे गेला तो १९५९ साली. त्याआधी दोन वर्षे, १९५७ मध्ये, दशमान पद्धतीचे नवे पैसे आले होते. म्हणजे एकाच पिढीला आधी दोन रुपयांचा मेळ घालावा लागला आणि मग आणे-पै विसरून शंभराचा हिशेब शिकावा लागला.

सीनेच्या अलीकडे आणि पलीकडे

१२ मे १८७५ रोजी पुणे जिल्ह्यातील सुपे गावच्या बाजारात शेतकऱ्यांचा जमाव सावकारांच्या दुकानांवर चालून गेला. हे लोण पुणे आणि अहमदनगर जिल्ह्यांतील कितीतरी गावांत पसरले. इतिहासात याला ‘दख्खनचे दंगे’ म्हणतात. अमेरिकेतील यादवी युद्धामुळे कापसाला आलेला भाव युद्ध संपताच कोसळला होता, त्याच सुमारास साऱ्याची आकारणी वाढली होती, आणि घेतलेली कर्जे डोक्यावर होती. जमावाने काय मागितले, हे ध्यानात घेण्यासारखे आहे. कर्जरोखे आणि कागद आमच्या हवाली करा, अशी त्यांची मागणी होती, आणि कागद हाती येताच ते जाळण्यात आले. आपल्या दुःखाचे मूळ त्या कागदांत आहे, हे न वाचता येणाऱ्या माणसांनीही अचूक ओळखले होते.

त्या कागदांवर शेतकऱ्याची सही नसे. कुणब्याची ‘निशाणी नांगर’ असे, बाईची ‘निशाणी बांगडी’. ज्या नांगराने तो पोट भरत असे त्याचेच चित्र त्याच्या नावापुढे काढले जाई, आणि वरचा मजकूर काय आहे हे त्याला दुसऱ्याच्या तोंडून ऐकावे लागे. मुद्दल किती, व्याज किती, गेल्या सुगीला घातलेली ज्वारी कोणत्या भावाने जमा धरली, याचे उत्तर एकाच वहीत होते आणि ती वही पेढीवर होती.

दंग्यांची चौकशी होऊन १८७९ साली दख्खनच्या शेतकऱ्यांना साहाय्य देणारा कायदा इंग्रज सरकारने केला. सावकाराने दिलेल्या प्रत्येक रकमेची पावती द्यावी, मागितल्यास खात्याचा उतारा द्यावा, ऋणकोला पासबुक द्यावे आणि न्यायालयाने केवळ रोख्यावर न विसंबता व्यवहाराचा मागचा इतिहास तपासावा, अशी त्याची महत्त्वाची कलमे होती. शेतकऱ्याच्या घरी त्याच्या खात्याची एक प्रत असली पाहिजे, हे तत्त्व राज्यकर्त्यांनी कायद्यात मान्य केले. पण हा कायदा पुणे, सातारा, सोलापूर आणि अहमदनगर या चार जिल्ह्यांपुरता होता. सीना नदीच्या अलीकडे निजामाचे राज्य सुरू होई आणि तेथे त्याचा अंमल नव्हता. एकच माती, एकच बोली, एकच दुष्काळ; परंतु नदीच्या एका तीरावर पावती मागण्याचा अधिकार होता आणि दुसऱ्या तीरावर या कायद्याचा आधार मिळत नव्हता.

आज परिस्थिती निराळी आहे. महाराष्ट्राचा सावकारी नियमनाचा २०१४ चा कायदा साऱ्या राज्याला लागू आहे; सावकाराला परवाना लागतो, वह्या ठेवाव्या लागतात, पावत्या आणि खात्याची विवरणे द्यावी लागतात. कायदा आहे, पण मिळालेली पावती जपून ठेवण्याची आणि ती आपल्या नोंदीशी ताडून पाहण्याची सवय कायद्याने लागत नाही.

उचल, खर्ची आणि बाकी

१९५०-५१ च्या हंगामात अहमदनगर जिल्ह्यात प्रवरेच्या काठी विठ्ठलराव विखे पाटील आणि धनंजयराव गाडगीळ यांच्या प्रयत्नांतून सहकारी साखर कारखाना सुरू झाला. पुढील दोन-तीन दशकांत पश्चिम महाराष्ट्रात कारखान्यांची रांग उभी राहिली. ऊस होता, पाणी होते. तोडणाऱ्या हातांची गरज होती. हे हात बालाघाटच्या डोंगररांगांतून आले. पाटोदा, आष्टी, शिरूर कासार, धारूर, वडवणी, केज या भागांत पाऊस कमी, जमीन हलकी. १९७२ च्या दुष्काळाने तर कणग्याच रिकाम्या केल्या. रोजगार हमी योजनेचा जन्म त्याच दुष्काळातला. खडी फोडून कुटुंबे जगली. परंतु वर्षानुवर्षांचा आधार ठरला तो ऊसतोडीचाच. दिवाळीच्या सुमारास गावे रिकामी होतात आणि उन्हाळ्याच्या तोंडाशी पुन्हा भरतात. आज हे लोक कोल्हापूर, सांगली, सातारा, सोलापूर, पुणे येथपासून थेट उत्तर कर्नाटकापर्यंत जातात.

या धंद्याचा हिशेब समजून घेतल्याखेरीज बीडच्या घरखर्चाविषयी बोलणे व्यर्थ आहे. नवरा-बायकोच्या जोडीला ‘एक कोयता’ म्हणतात. हंगामापूर्वी मुकादम प्रत्येक कोयत्याला ठरावीक रक्कम आगाऊ देतो, ती उचल. फडावर असताना किराणा-तेलासाठी आठवड्याला किंवा पंधरवड्याला थोडे पैसे मिळतात, ती खर्ची. आजारपणाने किंवा अन्य कारणाने काम बुडाले तर खाडा पडतो आणि त्याचा दंड कापला जातो. तोडलेल्या उसाच्या टनावर मजुरी जमा होते. हंगामाच्या शेवटी जमेतून उचल, खर्ची आणि खाडे वजा करतात. मजुरी अपुरी पडली तर उरते ती बाकी, आणि ती बाकी फेडावयास पुढच्या वर्षी त्याच मुकादमाकडे पुन्हा जावे लागते.

हे आकड्यांत पाहू. जानेवारी २०२४ मध्ये झालेल्या करारात तोडणीच्या दरात ३४ टक्के वाढ होऊन तो टनाला सुमारे ३६६ रुपये झाला. तो दर धरून, केवळ समजण्यासाठी, एक कल्पित कोयता घेऊ. हंगाम १५० दिवसांचा, त्यात १५ दिवस खाडे, उरलेले १३५ दिवस दररोज दोन टन तोड. म्हणजे २७० टन, आणि मजुरी ९८,८२० रुपये. आता नावे बाजू पाहा. उचल १,००,००० रुपये, खर्ची आठवड्याला हजार याप्रमाणे २१ आठवड्यांचे २१,०००, आणि खाड्याचे दिवसाला ५०० प्रमाणे ७,५००. एकूण १,२८,५००. दोन माणसांनी पाच महिने पहाटेच्या थंडीत कोयता चालवूनही २९,६८० रुपये बाकी निघते.

हे कल्पित कुटुंब उधळे आहे, असे कोणी म्हणू शकेल काय? त्याचे एक लाख रुपये कोठे गेले, याचे उत्तर त्याच्या गावातच आहे: बहिणीचे लग्न, आईचे आजारपण, गेल्या वर्षाची बाकी, पत्र्याचे छप्पर, बियाणे. ही सारी रक्कम कष्ट सुरू होण्यापूर्वीच संपलेली असते. आणि ज्या वहीत टन, खर्ची व खाडे यांची रोज नोंद होते ती मुकादमाच्या पिशवीत असते. मुकादम सारेच लबाड असतात असे आमचे म्हणणे नाही. पुष्कळ मुकादम स्वतः कोयता चालवूनच वर आले आहेत, आणि उचल बुडवून पळालेल्या टोळीमुळे देशोधडीस लागलेले मुकादमही आहेत. दोष एका माणसाचा नाही. एका व्यवहाराची एकच वही असणे, हाच त्यातला दोष आहे. आगाऊ रकमेपोटी माणसाचे हिंडण्याफिरण्याचे स्वातंत्र्य किंवा किमान वेतनाचा हक्क जात असेल तर ती वेठबिगारी होय, असे १९७६ चा कायदा सांगतो. तो हक्क गेला की नाही हे ठरवावयास आकडे लागतात. आणि आकडे ज्याच्याकडे आहेत त्याच्याविरुद्धच ते मागावे लागतात.

या वहीतला सर्वांत मोठा अन्याय मात्र स्त्रीवर होतो. कोयता दोघांचा, खाते एकाचे. उचल नवऱ्याच्या हाती येते, मजुरीही त्याच्याच नावे जमा होते. मोळ्या बांधून डोक्यावरून गाडीपर्यंत वाहणारी, परत कोपीवर येऊन चूल पेटवणारी बाई त्या वहीत स्वतंत्र नावाने कोठेच नाही. खाड्याच्या भीतीचे मोल तिने देहाने चुकविले. २०१९ साली बीड जिल्ह्यात ८२,३०९ ऊसतोड महिलांची पाहणी झाली, तेव्हा त्यांपैकी १३,८६१ जणींची गर्भाशये काढलेली आढळली. या आकड्यामागे वैद्यकीय, सामाजिक अशी अनेक कारणे आहेत. परंतु दुखणे म्हणजे खाडा, खाडा म्हणजे दंड आणि दंड म्हणजे बाकी, हे गणित त्या बायांना पाठ होते, हेही त्यातले एक कारण होय. शस्त्रक्रियेसाठी काढलेले कर्ज पुन्हा पुढच्या उचलीतूनच फिटावयाचे. अशा रीतीने हिशेबाची एक रेघ माणसाच्या शरीरापर्यंत पोहोचते.

वही घरी येते

लूककृत शुभवर्तमानातील अन्यायी कारभाऱ्याचा दाखला आपण दरवर्षी ऐकतो. धन्याचे ऋणको बोलावून तो त्यांच्याच हातांनी त्यांचे कागद पुन्हा लिहवून घेतो. प्रवचनात आपण कारभाऱ्याच्या चातुर्याविषयी बोलतो. त्या ऋणकोंना लिहिता येत होते आणि आपण किती देणे लागतो हे ते विचारताच सांगू शकत होते, इकडे आपले लक्ष क्वचितच जाते.

ऋणकोच्या हाती वही देण्याचे प्रयत्न आपल्या देशात शंभराहून अधिक वर्षे चालू आहेत. १९०४ च्या सहकारी पतसंस्थांच्या कायद्याने त्यास वाट मिळाली. १९०९ मध्ये छोटा नागपुरात फादर योहान हॉफमन या जर्मन येशूसंघीय धर्मगुरूंनी सावकारीने पिळलेल्या आदिवासींसाठी कॅथॉलिक सहकारी पतसंस्था उभारली. १९१८ मध्ये वसईत मोन्सिनियर पी. जे. मोनीस यांच्या पुढाकाराने जी पतसंस्था निघाली, तीच आजची बेसिन कॅथॉलिक बँक. दोन्हीकडे तत्त्व एकच होते: सभासदाने थोडे थोडे साठवावे, गरजेला तेथूनच घ्यावे, आणि त्याचे पासबुक त्याच्या घरी असावे.

मराठवाड्याच्या खेड्यांत ही गोष्ट खऱ्या अर्थाने पोहोचली ती बचत गटांच्या रूपाने. १९९२ मध्ये नाबार्डने ५०० गट बँकांशी जोडण्याचा प्रयोग आरंभला; महाराष्ट्रात महिला आर्थिक विकास महामंडळाने आणि २०११ नंतर ‘उमेद’ अभियानाने हे जाळे गावोगाव नेले. गटाची पंचसूत्री प्रसिद्ध आहे: नियमित बैठक, नियमित बचत, अंतर्गत कर्जवाटप, नियमित परतफेड आणि नियमित हिशेब. यांतील पाचव्या सूत्राचे महत्त्व आम्हांला सर्वांत अधिक वाटते. दहा-पंधरा बाया जमिनीवर बसतात, एकजण मोठ्याने आकडा वाचते, दुसरी तो वहीत लिहिते आणि प्रत्येकीच्या पासबुकात तोच आकडा उतरतो. एका व्यवहाराच्या दोन वह्या झाल्या! १८७९ च्या कायद्याने सीनेच्या पलीकडे जे देऊ केले होते, ते सव्वाशे वर्षांच्या अंतराने या तीरावर बायांनी स्वतःच्या हातांनी लिहून घेतले.

आणि गटात लिहावयास शिकलेला हात घरी येऊन स्वस्थ बसत नाही. गटातून दोन हजार रुपये औषधासाठी घेतले तर ते औषधालाच गेले काय, हे ती पाहू लागते. हप्त्याचे शंभर रुपये बाजूला काढण्यासाठी किराण्याच्या पिशवीत काय येते याकडे तिचे लक्ष जाते. कणगीच्या काळी जे काम तिचे डोळे करीत, तेच आता तिची पेन्सिल करते. पाचोलीची ‘घरच्या स्त्रियांनीही लिहावे’ ही सूचना बालाघाटात अशा रीतीने सार्थ झाली.

चार रकाने

आता आपल्या कुटुंबांसाठी थोडे. १९७७ मध्ये औरंगाबाद धर्मप्रांताची स्थापना झाली आणि बीड जिल्हा त्यात आला. मराठवाड्यातील आपली कुटुंबे बहुतांशी कष्टकरीच आहेत. काही ऊसतोडीला जातात, काही शहरांत मजुरी करतात, काही शिकून नोकरीला लागली आहेत. शंभर पानी वही प्रत्येकाला परवडते. तिच्यात चार रकाने आखावेत: तारीख, कशासाठी, किती, आणि शिल्लक. रोज रात्री जेवण झाल्यावर ते भरावेत. दोन दिवसांचे एकदम आठवून लिहू म्हटले की पाच-दहाच्या नोटा हरवतात, आणि गळती बहुधा तेथेच असते. चहा, तंबाखू, मोबाइलचा रिचार्ज, बसभाडे ही नावे एकेकटी किरकोळ दिसतात. महिनाअखेरीस त्यांची बेरीज करून पाहावी आणि ती मुलाच्या वह्या-पुस्तकांच्या खर्चाशेजारी मांडावी. कोणी कोणाला रागावण्याची गरज उरत नाही; आकडेच बोलतात.

हंगामाला जाणाऱ्या कुटुंबाने वहीची शेवटची काही पाने निराळी ठेवावीत. पहिल्या पानावर उचल: किती मिळाली, कोणत्या दिवशी, कोणासमक्ष, आणि ती कोठे कोठे गेली. दुसऱ्यावर खर्ची. तिसऱ्यावर खाडे, कारणासह. चौथ्यावर रोजची तोड आणि वजनाच्या पावतीचा आकडा. पावती हाती राहत नसेल तर मोबाइलवर तिचे छायाचित्र घ्यावे. दर आठवड्याला आपली वही मुकादमाच्या वहीशी ताडून पाहावी. हे भांडणासाठी नव्हे. उलट, दोन वह्या असल्या की भांडणे कमी होतात, असाच अनुभव आहे. लिहिता येत नसेल तर शाळेत जाणाऱ्या मुलीला सांगावे. पाटोदा तालुक्यातील सावरगावी जन्मलेले भगवानबाबा याच डोंगरांतल्या लोकांना मुलांच्या शिक्षणाचा आग्रह आयुष्यभर करीत राहिले. हंगामी वसतिगृहात राहून शिकलेले मूल आईबापांचा हिशेब वाचून दाखवते, तेव्हा त्या आग्रहाचे फळ दिसते.

शहरांतल्या कुटुंबांचे संकट वेगळ्या जातीचे आहे. २०१६ पासून मोबाइलवरून पैसे देण्याची सोय झाली आणि आज भाजीवाल्याच्या गाडीवरही ती आहे. प्रत्येक व्यवहाराची नोंद आपोआप होते, हे खरे. तरीही ती नोंद पुन्हा दुसऱ्याच्याच दफ्तरात असते, आणि आपण ती उघडून पाहत नाही. नोट देताना हाताला काहीतरी गेल्याचे कळे. बोटाच्या एका स्पर्शाने तेही कळेनासे झाले. हप्त्यावर वस्तू घेणारा पगारदार आणि उचल घेणारा तोडकरी, दोघेही उद्याचे कष्ट आजच विकत असतात. म्हणून मोबाइल असला तरी आठवड्यातून एकदा, रविवारच्या सायंकाळी म्हणा, नवरा-बायकोने एकत्र बसून ते आकडे आपल्या वहीत उतरवावेत. एकत्र बसावे, हे आम्ही मुद्दाम लिहीत आहोत. एकट्याने ठेवलेला हिशेब दुसऱ्याला पहारा वाटतो.

वही ठेवली म्हणजे गरिबी हटेल, असे आश्वासन आम्ही देणार नाही. टनाचा दर कमी असेल, वजनकाटा खोटा असेल, फडावर दवाखाना नसेल, तर त्यांसाठी संघटना, कायदा आणि शासन यांचेच दार ठोठवावे लागेल. गोपीनाथ मुंडे यांच्या नावाने स्थापन झालेले ऊसतोड कामगार कल्याण महामंडळ आहे. त्याच्याकडे मागणे मागण्याचा कामगारांना हक्क आहे. परंतु ते दार ठोठावताना हातात काही असावे लागते. ‘आमचे पैसे कापले’ असे सांगणाऱ्याला चौकशी करणारा अधिकारी पहिला प्रश्न विचारतो, किती आणि केव्हा. सुप्याच्या बाजारात १८७५ साली जमलेल्या शेतकऱ्यांपाशी या प्रश्नाचे लेखी उत्तर नव्हते; दुसऱ्याची वही जाळण्यापलीकडे त्यांना उपाय दिसला नाही. आपल्या कुटुंबांना आज तो उपाय आहे. येत्या हंगामासाठी गाड्या निघण्यापूर्वी प्रत्येक घरात एक वही आणि एक पेन्सिल सामानात बांधली जावी, आणि तिच्या पहिल्या पानावर नवऱ्याच्या नावाशेजारी बायकोचेही नाव लिहिले जावे, एवढीच आमची विनंती आहे.